माटोळीला कापलेली फळं

मी पॉलिमर क्लेचे, म्हणजे भाजून कडक होणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या मातीचे, कानातले करून विकते आणि महिन्यातून एकदा फोंड्याला एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये आमच्या क्राफ्ट ग्रुपला शिकवते, फार नाही पण क्लेचा खर्च सुटतो. गेल्या पावसात चवथीला पंधरा दिवस होते तेव्हा ठरलं की यंदा क्लेची वीतभर माटोळी करायची (माटोळी म्हणजे गोव्यात चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट), प्रत्येकीने एकच फळ दहा नग करायचं आणि मग आपापसात वाटून घ्यायचं, म्हणजे सगळ्यांकडे दहा फळांची माटोळी तयार.

आता मी पडले शिकवणारी, मला काहीतरी भारी दाखवायचं होतं. म्हणून आदल्या रात्री तोरंजनाची, म्हणजे लिंबाच्या जातीच्या त्या मोठ्या फळाची, केन केली. केन म्हणजे क्लेचा जाड रोल, ज्याच्या आत नक्षी आरपार जाते. पारदर्शक क्लेत पिवळ्याचा कण मिसळायचा, रोलच्या उभ्या फाका करायच्या, मधेमधे पांढऱ्याचे पापुद्रे घालून परत गोल जुळवायचं, बाहेरून आधी पांढरं मग पिवळं साल. नंतर चार सेंटीमीटर जाडीचा रोल दाबत-ओढत एक सेंटीमीटरवर आणायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा, कारण या हवेत क्ले लोण्यासारखा होतो आणि ब्लेड लावलं की फाका चेपतात. साठ काप केले. एकेक काप असा सुंदर की मीच त्यांच्याकडे बघत बसले.

हॉलमध्ये ताट फिरवलं, सगळ्या वा वा करतायत, तेवढ्यात मैत्रिणीची सासू, आम्ही त्यांना माय म्हणतो, चहा घेऊन आल्या आणि ताटात बघून म्हणाल्या, "बाये, माटोळेक कापिल्लीं फळां कोण बांदता गे?"

हॉल एकदम गप्प आणि मग हशा. खरंच की! दरवर्षी घरात गणपतीच्या वर अख्खे नारळ, सुपारीचा कात्रा म्हणजे घड, आंबाडे, चिबूड, सगळं अख्खंच तर लटकतं, आणि मी इंटरनेटवरचे लिंबाचे काप बघून बघून हे विसरलेच होते.

माय मग चहा बाजूला ठेवून बसल्याच. क्ले आयुष्यात पहिल्यांदा हातात. मी सांगितलं आधी मळून मऊ करायचा, तर म्हणाल्या भाकरीचं पीठ मळून जन्म गेला माझा. पिवळ्याच्या ज्वारीएवढ्या गोळ्या केल्या, केसातला पिन काढून प्रत्येकीला चीर पाडली आणि चिरेत लाल क्लेचा कण बसवला. कांगल्यो! माटोळीतली ती बारीक रानफळं, पिकून तडकलेल्या, आतला लाल दाणा दिसणाऱ्या. माझ्या फोनमधल्या एकाही फोटोत ते इतकं नीट दिसत नव्हतं. मी काप बाजूला सारून अख्खी तोरंजनं वळायला घेतली, सालीवरचे बारीक खड्डे जुन्या टूथब्रशने टोचून आणले.

मग भाजायची वेळ आली. हा क्ले नुसता ठेवून सुकत नाही, दर वेळी कोणीतरी विचारतंच उन्हात ठेवला तर चालेल का, तर नाही चालत, तो मुळात पीव्हीसी आहे, माझ्या ब्रँडला 130 अंशावर अर्धा तास लागतो. मैत्रिणीचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, बटण 130 वर, उरलेल्या फरशीच्या तुकड्यावर पहिला घाणा मांडून आत सारला आणि गप्पा मारत बसले. वीस मिनिटांनी वास आला. उघडून बघते तर फळं तांबूस, कांगल्यो चॉकलेटी. थर्मामीटर? होता ना, माझ्या पर्समध्ये! आत ठेवला तर काटा 165 च्या वर. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका हे मीच दर वर्गात सांगते. अजून तापला असता तर क्ले जळून घशाला झोंबणारा धूर झाला असता, म्हणून पाऊस आत येत होता तरी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

माझं तोंड उतरलेलं, आणि माय जळक्या कांगल्यो तळहातावर घेऊन म्हणतात, विसर्जनाच्या दिवशी अश्शाच दिसतात गे.

दुसरा घाणा बटण 100 वर ठेवून, काटा बघत, वर फॉइल झाकून लावला. मधेच लाईट गेली. पण त्याचं काही नाही, अर्धवट भाजलेला क्ले परत भाजता येतो, तासाभराने लाईट आल्यावर पहिल्यापासून अर्धा तास दिला. संध्याकाळी वाटणी झाली तेव्हा सगळ्या मायच्या कांगल्यांवरच तुटून पडल्या.

माझे साठ काप मात्र डब्यात तसेच. त्यांचे कानातले करणार आहे, कानात कापलेलं तोरंजन चालतं, मायना विचारून घेतलंय.