तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात कॉम्प्युटर पाहिजे की नको?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात कुणी पालक भेटले की हेच, "सर, तुमच्यात कॉम्प्युटरवर शिकवतात काय?" होय म्हटलं की लगेच पुढचं, "पोरं बिघडत नाहीत न्हवं?" मी इथल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो, माझ्यापुरतं सांगतो.

विजेचा धडा घ्या. फेट (PhET) म्हणून सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेली, फुकट आहेत, मराठीतपण मिळतात. सेल, वायर, बल्ब माऊसनं ओढून जोडायचे की वायरीतनं इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. फळ्यावर मी इतकी वर्षं बाण काढून हेच सांगत होतो, खरं पोरांना ते बाणच दिसायचे. शॉर्ट सर्किट केलं तर बॅटरीतनं जाळ निघतो, मग काय, सगळा वर्ग मुद्दाम जाळच काढत बसतो. बसू दे, जाळ का निघतो ते तरी डोक्यात बसतं.

खरं गोम अशी की स्क्रीनवर वायर कधी लूज नसते. एका पोरीनं तिथं फटाफट सर्किट जोडलं, आणि हातात खरा सेल दिल्यावर बल्ब काय पेटेना, तर म्हणते "सर, सेल हँग झालाय"! वायरचं प्लास्टिकच सोललं नव्हतं. तेव्हापासून आधी हातानं, मग कॉम्प्युटर. नुसता कॉम्प्युटर आणून मार्क वाढत नाहीत, ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालातपण तेच आहे, शाळांत यावर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात ठळक सुधारणा काही दिसली नाही.

आणि पीपीटीचं तर मला पटतच नाही. फळ्यावर मी लिहीपर्यंत पोरं वहीत लिहितात, स्लाईड मात्र कुणासाठी थांबत नाही.

आमची आणखी एक अडचण आहे, पुण्यामुंबईच्या मास्तरांना ती नाही. यूट्यूबवर मराठी व्हिडिओ ढीगभर, खरं बहुतेक बालभारतीवरचे, आणि आमची पुस्तकं मराठीत असली तरी कर्नाटक सरकारची, धड्यांचा मेळच बसत नाही. मेळ बसतो तो कन्नड व्हिडिओंचा. मग मी आवाज बंद करतो आणि चित्रावर मराठीतनं बोलतो, 'विद्युत प्रवाह' तर दोन्हीकडं एकच शब्द. परवा मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, "सर, आवाज कशाला बंद करताय, आम्हाला कळतंय की."