कागदी निगेटिव्ह, नोंद चौथी : आत्याचे काळे कुंकू

या महिन्यात जुन्या लाकडी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी डार्करूममधला छपाईचा कागद लावून चार व्यक्तिचित्रे घेतली; त्यांपैकी दोनच निगेटिव्ह (उजेड तिथे काळे, अंधार तिथे पांढरे अशी उलटी चित्रे) ठेवण्याजोग्या निघाल्या. कागदाचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, आयएसओ ६ इतकी मंद धरली, तेव्हा खिडकीच्या उजेडात ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ११ ला ठेवून ८ सेकंद लागले. आत्याला खुर्चीत बसवून पाठीशी तक्क्या दिला. (पहिल्या खेपेस पाचव्या सेकंदाला तिने ‘झालं का रे?’ विचारले आणि हनुवटी विरघळली.)

आठ सेकंदांचा हट्ट जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनमुळे धरला. छायाचित्रणाच्या इतिहासावरील १९३१ च्या निबंधात तो म्हणतो की, फार वेळ स्थिर बसावे लागल्यामुळे जुन्या चित्रांतली माणसे त्या क्षणातून निसटत नसत, त्यात रुजत असत. बेंजामिन स्वतः छायाचित्रकार नव्हता. तरीही चित्राच्या प्रभावाचे कारण शोधत तो थेट एक्स्पोजरच्या, म्हणजे उजेड आत घेण्याच्या, वेळेपर्यंत पोहोचतो, म्हणून त्याचे म्हणणे आपल्याला घरी तपासता येते. दुसऱ्या खेपेचा आत्याचा चेहरा पाहून मला ते बरेचसे पटले. अमेरिकन लेखिका सुसान सोंटागच्या छायाचित्रणावरील १९७७ च्या पुस्तकाबाबत असे काही करता आले नाही. तिथे कॅमेरा बंदुकीसारखा रोखला जातो, पण ॲपर्चर कितीवर होते याची फिकीर कुणालाच नाही.

हीच निगेटिव्ह छापली, तेव्हा कुंकू काळेभोर उतरले आणि नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाऊ लागली. अशा टोचणाऱ्या तपशिलाला फ्रेंच समीक्षक रोलां बार्थने १९८० मध्ये ‘पुंक्तुम’ म्हटले आणि तो सहसा योजलेला नसतो, असेही सांगितले. मीही तो योजला नव्हता, पण कारण साधे आहे : या कागदाला तांबडा रंग दिसतच नाही, म्हणून तर आपण लाल दिव्याखाली काम करतो. छायाचित्रण चित्रकारांनी नव्हे, रसायनतज्ज्ञांनी शोधले, हे बार्थनेच बजावले आहे. तरी धीर नसल्यामुळे आपण हौशी छायाचित्रकारही नाही अशी कबुली देणारा हा लेखक डार्करूममधल्या रसायनांच्या ट्रेपर्यंत येत नाही. त्याच्या पुस्तकाला नावही कॅमेरा ल्युसिडाचे आहे, आणि त्या प्रिझमच्या उपकरणाने चित्र हातानेच काढावे लागते!

पुढच्या खेपेस कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातली तफावत) उतरवण्यासाठी पिवळा फिल्टर लावणार आहे. वेळ वाढेल आणि कुंकू काळेच राहील. आत्या बसायला तयार आहे, फक्त तक्क्या उंच हवा म्हणते.