दहा रुपये

झोप येत नाही. साडेअकरा वाजून गेले. आत्या कधीच घोरायला लागल्या, मी एकटीच दिवा लावून बसलेय.

झालं एवढंच, की परवा सकाळी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला ऊसतोडीची एक बाई आली. पाच पेंड्यांचे पन्नास म्हणाली, मी चाळीस म्हटलं. हंगाम सुरू झाला की आमची म्हैस वाढ्यावरच असते आणि घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाई काही बोलली नाही. चाळीस घेतले, पदराच्या गाठीत बांधले. मग बाजूला झाली आणि मागे उभी असलेली पोर दिसली.

असेल सातेक वर्षांची. कडेवर धाकटं. उजव्या पायाला चिंधी गुंडाळलेली, त्यावर रक्त नि माती वाळून काळी खपली धरलेली.

"काय झालं गं पायाला?"

"धसकट घुसलं." कुणा दुसऱ्याच्या पायाबद्दल सांगावं तसं.

साखर बुडख्यात जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडतात. तरी एखादं तिरकं टोक राहतंच. आणि पोरं अनवाणी.

ओट्यावर बसवून कोमट पाणी ओतत राहिले. चिंधी जखमेला चिकटलेली, सुटता सुटेना. माझेच हात कापत होते. पोर मात्र धाकट्याला थोपटत समोर तुळशीकडे बघत बसली. हूं नाही की चूं नाही. आमच्या चिनूला मुंगी चावली तरी घर डोक्यावर घेतो. ही रडली असती तर बरं झालं असतं. मला बरं झालं असतं, असं म्हणायला पाहिजे खरं तर.

दवाखान्यात नेऊ म्हटलं तर आई दारातच चुळबुळायला लागली. "ट्रॉली भरायची हाय ताई, खाडा पडल." उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन बीडहून आलेली टोळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं त्या हिशोबात कुठेच नाहीत. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा असायच्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर या पोरांना जवळच्या शाळेत घालायचं ठरलं. शाळा आमच्या गल्लीतच आहे. पण धाकट्याला कडेवर घेऊन कोण बसू देणार? असो, त्यात शिरले तर आज झोपायलाच नको.

शेवटी मीच दोघांना स्कूटीवर घातलं. वाटेत रडू आलं, तेही माझं मलाच. माझ्याच वाट्याला हे का येतं, दुसऱ्या कुणाच्या दारात का नाही गेली, असलं काहीबाही मनात. आणि मधेच ते दहा रुपये. पाण्याची बाटली वीसची घेते मी, न विचारता.

धनुर्वाताचं इंजेक्शन बघितलं आणि पोरीनं जो भोंगा लावला! "आये गं" करत माझ्या मनगटाला कडकडून चावली. मला इतकं हसू आलं की नर्सबाई माझ्याकडेच विचित्र बघायला लागल्या. पायात धसकट घुसलं तेव्हा गप्प, आणि एवढ्याशा सुईला हा आकांत. लेकरूच होतं म्हणजे ते. कुठेतरी आत जीव भांड्यात पडला. दातांचे व्रण अजून आहेत, लिहिताना दिसतायत.

आज संध्याकाळी बाई परत आली. दोन पेंड्या ओट्यावर टाकल्या. मी पैसे पुढे केले, त्यात ते दहाही होते. "ऱ्हाऊ द्या, दवाखान्याचं." मी म्हटलं अगं सरकारी दवाखाना, तिथं काही लागलं नाही. तरी घेईना. "पेट्रोल तर जळलं का न्हाई?" म्हणाली आणि गेलीसुद्धा. म्हणजे तिचा हिशोब चुकता. माझा तेवढा राहिला.

हे म्हणाले, उद्या जाऊन खोपीवर दे. आत्या म्हणाल्या, चिनूच्या जुन्या चपला दे. मला दोन्ही पटलं. पण तिचा पाय केवढा होता? धुतला मीच आणि मलाच आठवेना.

म्हशीनं दोन्ही पेंड्या केव्हाच फस्त केल्यात. गोठ्यातून रवंथ ऐकू येतोय. तिचं बरंय.