चार सेकंद झाले होते

शनिवारी रात्री व्हॅलोरंटमध्ये, म्हणजे पाच विरुद्ध पाच अशा ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये, आम्ही 12-11 ने पुढे होतो. आणखी एक राउंड आणि मॅच आमची. आमच्यातला मी एकटाच उरलेलो, समोरचे पाचही संपलेले, फक्त त्यांनी लावलेला स्पाइक, म्हणजे बॉम्ब, डिफ्यूज (निकामी) करायचा बाकी. त्याला 7 सेकंद लागतात. चार झाले आणि स्क्रीन थिजली.

घरात लाइट होती, म्हणजे इन्व्हर्टरवर. राउटरही चालू. पण आमच्या तासगावात नेट येतं ते कोपऱ्यावरच्या खांबावरच्या पेटीतून, आणि त्या पेटीला गल्लीतलीच वीज. गल्लीतली लाइट गेली की पेटी बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट लावेपर्यंत स्पाइक फुटलेला, आणि घरात रेंज एकच काडी, त्यामुळे परत जोडताच आलं नाही. 12-12 बरोबरी झाली, पुढचा ओव्हरटाइम चौघांनी खेळला आणि हरले. मॅच अर्ध्यात सोडली म्हणून शिक्षा मला झाली, पण रँक त्यांचाही घसरला.

हे चौघे माझे हॉस्टेलचे मित्र. दोघं बंगळुरूला, एक हिंजवडीत, एक नाशिकला. त्यातला एक लेकीला झोपवून मगच ऑनलाइन येतो. आठवड्यातून ही एकच रात्र आम्हाला मिळते. निम्मा वेळ खेळण्यात जातो, निम्मा एकमेकांची खुशाली विचारण्यात. नेट गेलं की माझा कट्टाच मोडतो.

लाइट असते तेव्हा पिंगचा त्रास, म्हणजे माझा डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याचा. गेमचा सर्व्हर मुंबईत, तासगावहून तसं जवळच, त्यामुळे दुपारी पिंग 30 च्या आसपास असतो. रात्री नऊनंतर गल्लीतले सगळे टीव्ही नेटवर चालू होतात आणि तोच 200 वर जातो. मी भिंतीआडून डोकावतो, समोर कोणी दिसत नाही, आणि पुढच्या क्षणी मी मेलेला असतो. केबलवाल्या दादांना सांगितलं तर म्हणाले, "स्पीड टेस्ट करून बघा की, 40 एमबीपीएस येतंय." येतंय, खरंच येतंय. पण खेळायला 1 एमबीपीएससुद्धा पुरतं. डेटाचं प्रत्येक पाकीट वेळेवर पोचणं महत्त्वाचं. आईच्या फोनमधले फोटो बॅकअपला लागले की अपलोडची रांग तुंबते आणि माझी गोळी त्या रांगेत मागे उभी राहते. राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घातली तेव्हा घरातल्यापुरता फरक पडला. गल्लीचं काय करणार?

शाळेत असताना सांगलीच्या एका कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.6 हा असाच गोळीबाराचा गेम खेळायचो. आठ कॉम्प्युटर, एकच लॅन, म्हणजे सगळे तारेने आपसातच जोडलेले, बाहेरच्या नेटचा संबंधच नाही. पिंग 5. हरलो तर समोरच्या खुर्चीतला पोरगा आपल्याहून चांगला खेळला, एवढंच कारण असायचं. ती खात्री मला अजून हवी आहे.

2023 च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडच्या किमान स्पीडची मर्यादा 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली. 2 एमबीपीएसने गेमचा 3 जीबीचा पॅच (अपडेट) उतरवायला सव्वातीन तासांहून जास्त लागतात. आणि पिंग किती असावा, लाइट गेल्यावर नेट किती वेळ टिकावं, हे आमच्याकडे गिऱ्हाइकाला कुणी सांगतच नाही. जाहिरातीच्या फलकावर फक्त स्पीड.

खांबावरच्या पेटीला बॅटरी बसवा, निम्मे पैसे मी देतो, असं दादांना काल सांगून आलोय. "बघू," म्हणालेत. शनिवारी दहा वाजता चौघे येणार आहेत.