टोकियोच्या शोवा-इझाकायात माझं शाकाहारी जेवण

टोकियोत येऊन दीड वर्ष झालं तरी मी इझाकायात जायचं टाळत होते. इझाकाया म्हणजे दारूबरोबर छोट्या छोट्या बशांतून खायला देणारं ठिकाण. ऑफिसात जे बोललं जात नाही ते लोक तिथे बसून बोलतात. मी मांस-मासे खात नाही आणि दारूही पीत नाही, मग तिथे जाऊन करायचं काय? एकदाच मैत्रिणीबरोबर गेले होते. बसल्या बसल्या न मागवलेली एक वाटी समोर आली. त्यात मासे होते म्हणून ती तशीच ठेवली, तरी बिलात तिचे पैसे लागले. वाद घालण्याइतकं जपानी तेव्हा येत नव्हतं, त्यामुळे चडफडत घरी आले.

मार्चमध्ये आमच्या टीममधले सगळ्यात ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “शोवा बघायचंय का?” निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले हे गृहस्थ कामापुरतंच बोलतात, त्यामुळे मला नवलच वाटलं. शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोंचा काळ, 1926 ते 1989. पण लोक जिव्हाळ्याने शोवा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक 1955 नंतरची वर्षं असतात. युद्धाची राख झटकून 1958 मध्ये टोकियो टॉवर उभा राहिला, 1964 मध्ये ऑलिंपिक आणि शिनकानसेन ही बुलेट ट्रेन, दोन्ही आले, घराघरांत टीव्ही, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र आलं. ती वर्षं चार भिंतींत पुन्हा मांडणारी इझाकाया इथे बरीच आहेत. आम्ही गेलो ते उएनो आणि ओकाचिमाचीच्या मधल्या भागात, रेल्वेच्या रुळांजवळच्या गल्लीत.

दाराशी लाल कागदी कंदील. आत शिरताच चपला-बुटांचं लाकडी कपाट, आणि त्याची किल्ली म्हणजे खाचा पाडलेली जाड लाकडी पट्टी. भिंतींवर गंजलेल्या पत्र्याच्या जाहिराती, त्यात किमोनो घातलेल्या बाईची बोन करी. पिशवीसकट गरम पाण्यात तापवायची ही तयार करी 1968 साली बाजारात आली. कोपऱ्यात तबकडी फिरवायचा काळा फोन. सहकाऱ्यांनी शून्यात बोट घालून तबकडी फिरवली आणि ती परत येईपर्यंत कान देऊन ऐकत राहिले. आमच्या साताऱ्याच्या घरीही असाच फोन होता, म्हणून मीही फिरवला. खर्रर्र आवाज अगदी तोच.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती माझ्यासारख्यांच्या उपयोगाची आहे. आम्ही बसण्याआधीच त्यांनी वेटर मुलीला थांबवून माझ्याबद्दल सांगितलं. “मांस नाही, मासे नाहीत, दाशीसुद्धा नाही.” सगळी मेख या दाशीत आहे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या, लाकडासारख्या तुकड्याचे कीस आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ यांचं पाणी. मिसो सूपमध्ये ती, अंड्याच्या गुंडाळीत ती, शिजवलेल्या भाजीतही ती. ताटात मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं इथे धरता येत नाही.

त्या न मागवलेल्या वाटीचाही उलगडा झाला. तिला ओतोशी म्हणतात. ती जवळजवळ जागेच्या भाड्यासारखी असते, त्यामुळे पैसे सहसा टळत नाहीत, पण आधी सांगितलं तर कधीकधी बदलून मिळते. मला मीठ लावलेली कच्ची कोबी आणून दिली. 330 येनला कोबी महाग आहे, पण मला राग आला नाही. कशाचे पैसे देतोय ते कळलं की तेवढं चालतं.

मग एदामामे या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, थंड टोमॅटो आणि हियायाक्को, म्हणजे गार टोफूवर आलं आणि पातीचा कांदा. टोफू आला तो माशाचा कीस भुरभुरूनच. मी म्हटलं, वरचं काढून खाते. त्यांनी मान हलवली आणि बशी परत पाठवली. मुलगी वाकून माफी मागून दुसरी घेऊन आली. भाजलेले शिताके मशरूम मी सोडले, कारण ते कोंबडी भाजायच्या जाळीवरच भाजले होते.

त्यांनी होप्पी घेतली. 1948 पासूनचं हे पेय बिअरच्या चवीचं, पण मद्यार्क नावाला. बिअर परवडत नव्हती तेव्हा लोक यात शोचू ही कडक दारू घालून प्यायचे. शोचू म्हणजे ‘नाका’, आतलं, आणि बाटली म्हणजे ‘सोतो’, बाहेरचं. ग्लास संपला की नुसतं “नाका!” म्हणायचं.

मला रामुने मिळालं, आणि बाटली बघून मी हसले. आपला गोटी सोडाच! 1872 मध्ये हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने पेटंट घेतलेली ही बाटली साताऱ्याला पोचली तशी टोकियोलाही. मी गोटी आत ढकलली, फेस येऊ नये म्हणून क्षणभर दाबून धरली आणि गळ्याच्या दोन खळग्या खालच्या बाजूला करून बाटली तोंडाला लावली, म्हणजे गोटी खळग्यांत अडते आणि धार तुटत नाही. ते बघतच राहिले. “इथल्या मुलांनाही हल्ली शिकवावं लागतं,” म्हणाले.

शेवटी आगेपान आला. लांबट पाव तेलात तळून त्यावर किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, आणि साखर. वास थेट पंढरपुरी डाळ्यांच्या पिठाचा. हा पाव 1952 च्या सुमारास टोकियोच्या ओता भागातल्या एका शाळेत सुरू झाला. आजारी मुलांच्या घरी पाठवायचा पाव कडक होऊन जाई, म्हणून तिथल्या स्वयंपाक्याने तो तळून साखरेत घोळवला. त्यांनी बशीतला अर्धा पाव माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “दुसरीत मला गोवर आला होता. शेजारची मुलगी हा पाव कागदात गुंडाळून आणून द्यायची. दारातून आत यायची तिला मनाई होती, म्हणून खिडकीत ठेवून पळायची.” एवढं सलग बोलताना मी त्यांना ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं. बोटांना लागलेलं पीठ त्यांनी पुसलं नाही, चाटून खाल्लं.

बिल त्यांनीच दिलं. निघण्याआधी खिशातलं पेन काढून त्यांनी चॉपस्टिकच्या कागदी पाकिटावर चार ओळी लिहून दिल्या आणि माझ्याकडून त्या दोनदा म्हणवून घेतल्या: “निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देसु. कात्सुओबुशी नुकी दे. ओनेगाइशिमास.” मांस-मासे खात नाही, दाशीही नको, माशाचा कीस न घालता, कृपा करून.

ते पाकीट माझ्या फोनच्या कव्हरमध्ये आहे. त्यानंतर तीन इझाकायांत दाखवलं. दोन ठिकाणी जेवले, तिसऱ्या ठिकाणी आचाऱ्याने बाहेर येऊन सांगितलं की आमच्याकडे दाशीशिवाय काहीच होत नाही, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचा रस्ता दाखवला.