नोंद सहावी: 'आइका' आणि माल्कम बेट

या महिन्यात एक चूक निस्तरण्यातच वेळ गेला. कालपट्टीवर मी 'आइका' हे वृत्तपत्र पहिल्यापासून सोइंतुलाच्या, म्हणजे कॅनडातल्या माल्कम बेटावरच्या फिनिश वसाहतीच्या, खात्यात टाकलं होतं. साफ चूक! कॅनडातलं हे पहिलं फिनिश वृत्तपत्र 1901 मध्ये निघालं ते व्हँकुव्हर बेटावरच्या नानाइमोतून, वसाहत उभी राहण्याआधी. पुढे ते माल्कम बेटावरून निघू लागलं. म्हणजे गाव नंतर, गावाचा पेपर आधी. हा क्रम लागला तेव्हा बाकीचं चित्र आपोआप जुळलं.

नानाइमोच्या कोळसा खाणीतल्या फिनिश मजुरांनी मात्ती कुरिक्काला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडहून पदरच्या पैशानं बोलावून घेतलं. गडी बोलण्यात पटाईत, थिऑसॉफीच्या, म्हणजे गूढ अध्यात्माच्या, नादातला. त्यानं पेपरातून स्वप्न विकलं: सामाईक मालकी, बायांनाही पुरुषांइतकाच हक्क, आणि वसाहतीच्या 'कालेवान कान्सा' कंपनीचं सदस्यत्व 200 डॉलरांत. जोडीला ए. बी. मॅकेला, पक्का मार्क्सवादी. हेलसिंकीत 'त्यूओमिएस' या वृत्तपत्राचं संपादकपद कुरिक्कानंतर त्याच्याकडेच आलं होतं. मला दोघांत मॅकेलाच जास्त आवडतो, हे कबूल करून टाकतो.

पुढचं थोडक्यात. जानेवारी 1903 मध्ये सोइंतुलात लागलेल्या आगीत 11 जण गेले, त्यात मुलंच जास्त. मग नॉर्थ व्हँकुव्हरच्या पुलाचं काम फारच कमी बोलीत घेतलं आणि अंगाशी आलं. 1904 मध्ये कुरिक्का निम्मी माणसं घेऊन निघून गेला, 1905 मध्ये कंपनी बुडाली. मॅकेला मात्र बेटावरच राहिला, पुढे दीपगृह सांभाळायला लागला. 1909 चं सहकारी दुकान अजून चालू आहे.

फिनिश भाषेतली माझी प्रगती: 'आइका' म्हणजे वेळ, काळ. कानाला मात्र आपलं 'ऐका' वाटतं, पेपरला शोभेलसं. पण हाच शब्द विशेषणाआधी आला की अर्थ 'बऱ्यापैकी', इथे मी दोनदा घसरलो. विभक्तीचा मात्र आपल्याला फायदा आहे: 'सोइंतुलास्सा' म्हणजे सरळ 'सोइंतुलात', प्रत्यय नामालाच चिकटतो. 'हॅन' हे सर्वनाम मात्र अजून छळतं. तो की ती, हे ते सांगतच नाही, आणि बायकांच्या हक्कांवरचा मजकूर वाचताना तेवढ्यासाठी मागचं वाक्य पुन्हा धुंडाळावं लागतं.

पुढच्या वेळी पंधरा विभक्तींचा तक्ता टाकतो. सात झाल्यात.