तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्याचा अर्थ 'म्हणाला' असाच ना?

जुनी चिनी शिकते म्हटलं की हा प्रश्न येतोच. युए, युन, येन, यू, वेइ, डिक्शनरीत सगळ्यांपुढे 'म्हणणे, बोलणे', मग एका शब्दासाठी आठवडा कशाला घालवतेस?

अहो, 'आई मला म्हणाली' आणि 'आई मला बोलली' सारखंच का? दुसऱ्यात तर ओरडा खाल्लाय. तिकडेही तसंच. युएनंतर थेट बोललेले शब्द येतात, 'गुरुजी म्हणाले' मधला म्हणाले तो. वेइला कोणाला किंवा कोणाबद्दल ते लागतं, 'याला अमुक म्हणतात' तेही वेइच. युन बरेचदा जुन्या काव्यातलं वचन देताना. आणि लू राज्याचा अधिपती आय विचारतो तेव्हा कन्फ्यूशियसच्या उत्तराआधी नुसतं युए नाही, 'द्वेइ युए' येतं, वरच्या माणसाला अदबीने दिलेलं उत्तर.

हे मलाही आधी कुठे कळत होतं. चार वर्षांपूर्वी अभ्यासगटात मी 'लुन्यू'च्या, म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनांच्या ग्रंथाच्या, दहाव्या भागाचं माझं मराठी वाचून दाखवत होते. मूळ वाक्य एवढंसं, कन्फ्यूशियसबद्दलचं, 'शृ बू यू, छिन बू येन'. मी लिहिलेलं, 'जेवताना बोलत नसत, झोपतानाही बोलत नसत.' एका रिटायर्ड बाईंनी विचारलं, मुळात दोन शब्द ऐकू आले, तुझ्याकडे एकच कसा गं? मी बेधडक सांगितलं, दोन्ही सेमच आहेत, नादासाठी बदललेत. सर काहीच बोलले नाहीत, फक्त टीकेचं, म्हणजे मुळाच्या जुन्या स्पष्टीकरणाचं, पान उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: आपणहून बोलणं ते येन, उत्तरादाखल बोलणं ते यू. कान तापले माझे. पुढची दोन पानं मी वाचली म्हणे, मला एक ओळ आठवत नाही. घरी येऊन पहिल्या वर्षाची वही काढली, त्यात माझ्याच अक्षरात 'येन = यू = बोलणे', खाली दोन रेघा. आणि 'लुन्यू' या नावातला यू तोच यू, रोज डोळ्यांसमोर असलेला!

पण खरं सांगू, त्या वहीतल्या मुलीला मी पूर्ण चूक म्हणू शकत नाही. ती टीका चू शी या चिनी पंडिताची, बाराव्या शतकातली, कन्फ्यूशियसनंतर 1600 हून जास्त वर्षांनी लिहिलेली. इ.स. 100 च्या सुमाराचा शू शनचा कोश वेगळंच सांगतो, सरळ बोलणं येन, वादचर्चा यू. मग जेवताना नेमकं काय टाळायचं, उत्तर की वाद? की खरंच नादच?

सध्या माझ्या कागदावर 'जेवताना संभाषण नाही, झोपताना शब्द नाही' असं आहे. 'संभाषण' जड वाटतं, 'गप्पा' फार हलका. दोनदा खोडून झालंय, पण दोन्हीकडे 'बोलत नसत' लिहायला आता हात होत नाही.